दुसरा उंचवटा

आमच्या खोलीत येणारी निम्मी माणसं विज्ञानासाठी येत नव्हती, पाण्यासाठी येत होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची कटकट वाचताना कुणी मला कजाग म्हणू नये.

मी वर्ध्याजवळच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. शिक्षण आठवी. माहेर हुपरीचं, कोल्हापूरकडचं, चांदीचं गाव. तिथं पोरीची बोटं जरा बारकाईनं चालायला लागली की हातात चिमटा येतो. पैंजणाच्या कड्या जुळवायच्या, डाक लावून सांधायच्या, फुंकणीनं जाळ नेमका तिथंच मारायचा. माझी शाळा त्या जाळातच संपली. पुढं नवऱ्याला सावंगीला दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हरचं काम लागलं आणि आम्ही महाराष्ट्राच्या ह्या टोकाहून त्या टोकाला आलो. इथला पहिला मे महिना बघून मी आईला फोनवर म्हटलं होतं, भट्टीपासून सुटले आणि भट्टीतच येऊन पडले.

आमच्या गल्लीत गुलाबकाका राहायचे. काका कॉलेजात शिपाई. त्यांच्या सुनेच्या पैंजणाची कडी तुटली होती, ती मी घरातल्या घरात जोडून दिली. जोड कुठं आहे ते त्यांना शोधून सापडेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला थेट आमच्या सरांपुढं नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "सर, तुमचा तो केसावानी तार हिले देऊन पहा. तुमची पोरं जोडता जोडता रडून राह्यली नं." सरांनी दोन तारा दिल्या. मी जोडल्या. सरांनी भिंग लावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, उद्यापासून याल का?

तेव्हापासून मी इथं आहे. दर वर्षी जूनमध्ये नेमणूक नव्यानं होते आणि दर वर्षी मी धरून चालते, की ह्या वेळी कुणीतरी नक्की शिकल्याचा दाखला मागणार. अजून मागितला नाही. देवाचे, सरांचे आणि गुलाबकाकांचे उपकार. म्हणून तर पुढं जे झालं त्यात मला धड ओरडताही येईना.

आता काम काय ते सांगते. घरी येणारी प्रत्येक बाई विचारते आणि मी सांगायला लागले की तिचा चहा थंड होतो, तरी इथं सांगतेच.

काही पदार्थ असे असतात की त्यांचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जरा जास्त तापवलं की दोन टोकांमध्ये वीज तयार होते. फार थोडी. ती किती हे मोजायचं. एवढंच काम असतं तर मी सुखात असते. पण आमच्या सरांना आवडतात ते पदार्थ तापवता तापवता मध्येच आतून बदलतात. वितळत नाहीत, घट्टच राहतात, रंगही तोच, फक्त आतली मांडणी बदलते. लग्नाच्या मांडवात बघा, अक्षता पडेपर्यंत सगळे उभे असतात आणि नंतर त्याच जागेत पंगत बसते. माणसं तीच, मांडव तोच. सरांना नेमकं जाणून घ्यायचं असतं, की उभ्याचे बसलेले होताना त्या विजेचं काय होतं.

आणि तीच वेळ सगळ्यात वाईट. वीज मोजायला दोन टोकांत फरक ठेवावा लागतो, म्हणजे एका टोकाची पंगत बसलेली आणि दुसऱ्या टोकाची माणसं अजून उभी, अशी स्थिती होते. मग मोजता ते कुणाचं? म्हणून फरक अगदी नखाएवढा ठेवायचा आणि भट्टी गोगलगायीच्या चालीनं चढवायची. सकाळी सुरू केलेली भट्टी त्या बदलाशी पोचेपर्यंत दुपार होते. तोवर कूलर बंद, कारण कूलरच्या मोटरीनं मीटर थरथरतं. बाहेर मे महिना, आत भट्टी, कूलर बंद. त्यात पदार्थ आतून बदलताना अंगानं थोडा फुगतो, थोडा आकसतो, आणि मी लावलेले जोड तोडून टाकतो. एवढं सोसून आकडा येतो तो मायक्रोव्होल्टात.

ह्या सगळ्याला गिऱ्हाईकंही भारी येतात. एक जण टिनाच्या छपराला तारा जोडून पंखा चालेल का विचारायला आले होते. सिंदी रेल्वे गावचे एक कापसाचे व्यापारी आले, त्यांची मुलगी प्रणिता आमच्याकडंच संशोधन करत होती. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, भट्टी, नळ्या, मीटर सगळं बघितलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, एवढा तामझाम आहे, तं करंट किती निघते?" मी खरं ते सांगितलं. ते मीटरजवळ जाऊन वाकून बघून आले. मग म्हणाले, "एवढ्यात तं मच्छर बी मरत नाई. पोरगी इतके वर्स याचीच राखण करून राह्यली का?" जाताना मात्र मुलीसाठी आणलेला डबा माझ्याकडं देऊन गेले, की तिला वेळेवर खायला घाला. तिची मुदत त्या पावसाळ्यात संपत होती. त्याआधी प्रबंध दिला नाही तर इतक्या वर्षांची राखण वाया.

ही कहाणी त्याच प्रणिताची आणि तिच्या काळ्या कांड्यांची.

तिचा पदार्थ म्हणजे तांबं आणि सेलेनियम. ते नागपूरला एका ठिकाणी नळीत बंद करून शिजवून आणलेलं. तिथं पुन्हा नंबर लागायला महिनोन्‌महिने जातात. त्याच्या कापून लहान लहान कांड्या केलेल्या, उदबत्तीच्या तुकड्याएवढ्या. उकळत्या पाण्याच्या थोडं पुढं गेलं की ही कांडी आतून बदलायची, आणि प्रत्येक बदलाला तिच्या अंगात एक बारीक चीर वाढायची. थोड्या फेऱ्या झाल्या की कांडी गेलीच. म्हणजे प्रत्येक मोजणी ही कांडीच्या आयुष्यातून कापून घेतलेली. मी जोड लावताना देवाचं नाव घ्यायची, आणि कुणी दार धाडकन उघडलं की देवाचं नाव विसरायची.

तर ह्या कांड्यांनी एक नवल दाखवलं. तापत तापत गेलं की विजेचा आकडा चढायचा, आलेखावर एक उंचवटा व्हायचा आणि उतरायला लागायचा. तो सगळ्यांना माहीत होता, तोच आतला बदल. पण आमच्याकडं तेवढ्यात तापमानाचा काटा चढायचं सोडून थोडा खाली यायचा, आणि मग पुन्हा चढताना आणखी एक उंचवटा दिसायचा. सर म्हणाले, कांडी आतून बदलताना उष्णता पिते, म्हणून काटा उतरतो, आणि दुसरा उंचवटा म्हणजे बदल दोन टप्प्यांत होतोय. हे कुणीच पाहिलेलं नाही. दुसरी कांडी लावली, तसंच. तिसरी लावली, तसंच आणि दिवसाच्या त्याच सुमाराला. एवढा आज्ञाधारक पदार्थ मी तर बाई पाहिला नव्हता. सर इतके खूश की त्यांनी सगळ्या विभागाला सांभारवडी खाऊ घातली, आणि एका परिषदेला तसं कळवूनही टाकलं.

आता माठाकडं येते.

तापमान सांगायला आम्ही दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून लावतो, त्याला थर्मोकपल म्हणतात. त्याची एक खोड आहे. ते तापलेल्या टोकाचं तापमान सरळ सांगत नाही, आपल्या दुसऱ्या टोकापेक्षा ते किती जास्त आहे एवढंच सांगतं. म्हणून दुसरं टोक कुठंतरी थंड आणि अढळ ठेवावं लागतं. बाकीचे लोक ते बर्फात ठेवतात. आमच्याकडं बर्फ आणला की मीटर लावेपर्यंत त्याचं सरबत व्हायचं. मग सरांनी त्यांच्या तरुणपणीची युक्ती काढली. चांगला झिरपणारा माठ आणला, खिडकीत वाऱ्याच्या तोंडी ठेवला, भोवती ओलं पोतं गुंडाळलं आणि ते टोक काचेच्या नळीत घालून झाकणातून आत सोडलं. वर्ध्याच्या कोरड्या झळीत असा माठ दिवसभर एका अंशाचीही हालचाल करत नाही. सकाळी माठ भरणं, पोतं भिजवणं, आतलं तापमान बघून मीटरला सांगणं, हे माझं काम.

झालं काय, की एवढी बडदास्त ठेवलेला माठ म्हटल्यावर त्याचं पाणी सगळ्या कॉलेजात गार. गणितवाले आले, ग्रंथालयवाले आले, प्राचार्यांचा ड्रायव्हर आला. हातात पेला नाहीतर बाटली, तोंडावर लाजरं हसू. मी कितीदा ओरडले, अहो हे यंत्राचं आहे. ते म्हणायचे, एकच पेला बाई. एकाचा एकच, पण एक कितीजण! त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की संध्याकाळी बघावं तर माठ भरलेलाच असायचा. मला वाटायचं, ओरडण्याचा परिणाम झाला, लोक पीत नाहीत.

मग पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेतून सरांना फोन आला. आम्ही त्यांना पडताळायला एक कांडी पाठवली होती. त्यांच्याकडं उंचवटा आला, पण एकच. सर फोन ठेवून म्हणाले, त्यांनी भट्टी घाईनं चढवली असणार. आवाजात मात्र पहिल्यासारखा जोर नव्हता. प्रणिता म्हणाली, आपण पुन्हा करून पाहू.

केलं. त्याच आठवड्यात गुलाबकाका घरचा नवस फेडायला गिरडला दर्ग्यावर गेले होते, त्यामुळं मी आणखीच वैतागलेली, कारण त्यांच्या मागं दाराशी कुणी नाही. त्या दिवशी दुपार टळली, कांडी बदलली, उंचवटा आला, उतरला, आणि पुढं काटा सरळ चढत गेला. दुसरा उंचवटा नाही.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. जोड मी लावलेले ना. सरांनी एवढंच विचारलं, की संपर्क नीट बसलाय ना. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. एका बाजूनं वाटायचं माझा हात चुकला, दुसऱ्या बाजूनं वाटायचं माझा हात चुकत नाही, आणि तिसऱ्या बाजूनं जून दिसायचा. संध्याकाळी माठ निम्मा झालेला बघून तर डोकंच फिरलं होतं. काका नाहीत म्हणून मेले सगळे मोकाट सुटले, असं म्हणत मी तो पुन्हा भरून ठेवला होता.

नवी कांडी घेतली. आता तिच्यासकट दोनच उरल्या होत्या. जोड नव्यानं लावले, भिंगाखाली तपासले, सरांना दाखवले. काका गिरडहून परत आले होते, प्रसादाच्या रेवड्या वाटत होते. भट्टी सुरू झाली. दुपारी मी मागच्या ओसरीवर भाकरी खायला गेले, सर घरी गेले, प्रणिता मेसला. हा रोजचा क्रम. तेवढा वेळ खोलीत काका बसायचे.

त्या दिवशी प्रणिताला घास जाईना, ती लवकर परतली. मी आले तेव्हा ती मीटरसमोर उभी होती. काटा खाली आला होता आणि दुसरा उंचवटा चढायला लागला होता. माझा जीव भांड्यात पडला. चला, माझा हात निर्दोष. तिनंही सुटकेचा श्वास टाकला, माठाकडं गेली, पेला भरला, तोंडाला लावला आणि तशीच थांबली.

"काकू, हे पाणी गरम काऊन आहे?"

मी काही म्हणायच्या आत गुलाबकाका स्टुलावरून कौतुकानं म्हणाले, "आत्ताच भरलं नं मी. टाकीचं पाणी आहे, उन्हानं तापलं राह्यते. घंटाभरात थंड होते पाहजो."

"आज भरलं का रोज भरता?"

"रोज. जेवाच्या टायमाले. तुम्ही सारे जाता, माठ अर्धा होऊन जाते. उन्हाळ्याच्या दिवसात माठ अर्धा ठेवत असते का कोणी?"

प्रणितानं पेला खाली ठेवला. ती माठाचं झाकण उचलून नळीकडं बघत राहिली. मला कळायला थोडा वेळ लागला, मग सगळं एकदम कळलं. दुसरं टोक अढळ पाहिजे आणि काका त्याच्यावर रोज जेवणाच्या वेळी बादलीभर तापलेलं पाणी ओतत होते. थंड टोक गरम झालं की मीटरला वाटायचं कांडी थंड झाली, म्हणून काटा खाली. भट्टीही त्याच काट्याच्या हुकमात, काटा उतरला की ती जास्त तापायची, आणि माठ निवून काटा पुन्हा वर गेला की हात आखडायची. मग कांडी निवत त्याच उंचवट्यावरून दुसऱ्यांदा जायची. आम्ही रोज सकाळी त्याच वेळेला भट्टी लावायचो, काका रोज त्याच वेळेला बादली आणायचे. तिन्ही कांड्या आज्ञाधारक नव्हत्या, गुलाबकाका वक्तशीर होते.

मला किंचाळावंसं वाटत होतं. काकांवर, माठावर, त्या गणितवाल्यांवर. पण किंचाळणार कशी? ज्या माणसानं मला ह्या खोलीत आणून उभं केलं, त्याच्याच अंगावर? मी फक्त म्हटलं, "काका, आजपासून माठाला हात लावायचा नाही." ते उठून बाहेर जाऊन बसले. त्यांनी मागाहून प्रणिताला विचारलं म्हणे, "पोरी, माह्या पाण्यानं तुहं वर्स बुडलं का?"

सरांना प्रणितानं सांगितलं. सर टेबलावर बोटं टेकून बराच वेळ त्या दोन उंचवट्यांच्या आलेखाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चांगला होता हो पण." आणि परिषदेला कळवायला निघून गेले, की आमचं ते काढून टाका.

आता उरली एक कांडी. सर म्हणाले, ह्या वेळी बर्फच आणू, थर्मासात भरू. प्रणिता म्हणाली नाही. सगळं तसंच ठेवायचं. तोच माठ, तीच खिडकी, तीच वेळ. फक्त दुपारी माठ भरायचा नाही. एकच गोष्ट बदलली आणि उंचवटा गेला, तरच खात्रीनं म्हणता येईल की तो पाण्याचाच होता. नाहीतर कुणीही विचारेल, बर्फामुळं गेला का? मला ते पटलं, आणि पटल्यामुळंच जास्त भीती वाटली. माणसांसाठी ओसरीवर दुसरा माठ ठेवला. काकांनी तो स्वतः निवडून आणला, पण चेहरा उतरलेलाच.

आणि तो दिवस उजाडला तोच पाण्याची मोटर जळून. टाकी कोरडी. यंत्राचा माठ मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवला होता म्हणून बरं. त्यात परीक्षेचं केंद्र आमच्याकडं. भट्टी मात्र लागलेली, कांडी तापायला लागलेली, मागं फिरायला जागा नाही, कारण पुन्हा तापवून ती टिकली असती याचा भरवसा कुणालाच नव्हता. ओसरीवरचा माठ सकाळीच खडखडला. पेपर सुटला आणि पोरं-पोरी घशाला हात लावत दारात. एक मुलगी तर भिंतीला धरून खालीच बसली.

मी दार अडवून उभी. सर म्हणाले, नाही, आज कुणालाच नाही. मी त्या मुलीकडं बघत होते आणि माझ्या तोंडून नाही निघत नव्हतं. काका माझ्या शेजारी आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तहानलेल्याले नाई म्हणाचं काम माह्याच्यानं होत नाई. तू म्हण."

माझ्याच्यानंही होईना. शेवटी आतून मीटरवरची नजर न काढता प्रणिताच म्हणाली, "काढू द्या काकू. काढल्यानं काही होत नाही, पाणी तितकंच थंड राह्यते. टाकू नका फक्त. अन् नळीचं टोक उघडं पडू देऊ नका."

मग काकांनी ओगराळं घेतलं. एकेकाला मोजून अर्धा पेला. त्या बसलेल्या मुलीला पूर्ण. मी मोबाईलचा उजेड माठात टाकून नळीचं टोक बघत होते. पाणी उतरत होतं. दर पेल्याला उतरत होतं. भट्टी त्या गोगलगायीच्या चालीनंच चढत होती, तिला कुणाच्या तहानेचं काय. मी एकदा पाण्याकडं बघायची, एकदा काट्याकडं, आणि दोघांनाही मनात शिव्या घालायची.

पोरं पांगली तेव्हा नळीचं टोक पाण्यात जेमतेम होतं. काका कुठं दिसेनात. थोड्या वेळानं आले ते सायकलवरून, रस्त्यापलीकडच्या हापशावरनं भरलेली बादली हँडलला लावून. बादली घेऊन ते आत आले आणि मी माठाच्या आडवी झाले. पण ते माठापाशी येऊन उभे राहिले, बस. बादली हातात, माठ जवळजवळ रिकामा, आणि उभे. मी म्हटलं काका, खाली तरी ठेवा. म्हणाले, "राहू दे. ठेवली तं हात वळवळते."

उंचवटा चढायला लागला. प्रणिता वाकून बघत होती. सर दारात आले होते. तो माथ्यावर गेला, उतरला. आता ती जागा आली, जिथं काटा खाली यायचा. काकांची मान माठाकडं होती, पाण्याच्या त्या तळाशी राहिलेल्या थराकडं, आणि त्यांच्या दंडाची शीर तटतटली होती. काटा खाली आला नाही. चढत गेला, सरळ, दुसऱ्या उंचवट्याच्या जागेवरून, जसं तिथं कधी काही नव्हतंच. सरांनी हळूच चष्मा काढून पुसला. मला वाटतं, त्यांना शेवटपर्यंत थोडी आशा होती.

प्रणितानं आणखी थोडी वाट बघितली. खूप पुढं गेल्यावर, आता काही बिघडण्यासारखं उरलं नाही याची खात्री झाल्यावर, ती मागं वळली आणि म्हणाली, "काका, भरा आता."

काकांनी बादली रिती केली. सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत. मीटरचा काटा तसाच खाली आला, अगदी ओळखीचा उतार. मी बंद करायला हात पुढं केला तर प्रणितानं माझा हात धरला. चालू राहू द्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भट्टीतली नळी उघडली तर कांडीचे दोन तुकडे झालेले. पण तिचं काम झालं होतं. प्रणितानं मुदतीत प्रबंध दिला. त्यात नवल काही नाही. एक पदार्थ, एक बदल, एक उंचवटा, पुण्याकडच्यांसारखाच. सिंदीहून तिचे वडील पेढे घेऊन आले आणि मला म्हणाले, "एक उंचवटा कमी झाला म्हणते पोरगी. तरी पास करतीन नं?" केलं. सर मात्र अजून मध्येच तो जुना आलेख काढून बघतात. मी बघितलं नाही असं दाखवते.

बांधून आलेली प्रत तिनं आमच्या खोलीत ठेवायला आणली. शेवटच्या मोजणीचा आलेख तिनं जसाच्या तसा छापला होता, पुढच्या त्या उतारासकट, आणि खाली लिहिलं होतं की हा माठात पाणी टाकल्यामुळं आहे. गुलाबकाकांना तिनं बोलावून दाखवलं. काकांनी चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवत नेलं आणि विचारलं, "याच्यात मी कुठी आहो?"

तिनं त्या उतारावर बोट ठेवलं.

काकांनी जवळून बघितलं, मग लांब धरून बघितलं. चेहरा काही खुलला नाही.

"एवढासाच खड्डा?" ते म्हणाले. "बादली तं पुरी होती."